शाळेतून गप्प येणारे मूल

मूल शाळेतून घरी परतले म्हणजे आपण त्याला कोणते प्रश्न विचारतो, याचा एकदा शांतपणे विचार करून पाहा. गुण किती मिळाले, गृहपाठ पुरा झाला काय, परीक्षा केव्हा आहे, एवढे विचारून आपण आपल्या कामाला लागतो. आज वर्गात तुला कोणी काही बोलले काय, डबा खाताना तुझ्या शेजारी कोण बसले होते, न समजलेली गोष्ट गुरुजींना विचारण्याचे धैर्य तुला झाले काय, हे प्रश्न आपल्या ओठांवर सहसा येत नाहीत. मूलही आपण होऊन काही सांगत नाही. ते दप्तर कोपऱ्यात टाकते आणि गप्प बसते. त्याच्या या गप्प बसण्याला आपण कधी समजूतदारपणा म्हणतो, कधी आळस म्हणतो, आणि कधी हट्ट समजून त्याला चार रट्टेही देतो. हे गप्प बसणे समजून घेणे हे धम्म स्वीकारलेल्या प्रत्येक कुटुंबाचे आजचे पहिले कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न नवा नव्हे, आणि परक्या घरचाही नव्हे. ज्या नगरास आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात आणि जे त्या काळी औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते, त्याच नगरात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक थोर प्रयत्न झालेला आहे. १९४८ साली निजामी राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नसल्यासारखीच होती. १९५० च्या जून महिन्यात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. त्या प्रसंगी बाबासाहेबांनी मांडलेल्या विचाराचा आशय असा होता की, खालच्या मानल्या गेलेल्या वर्गांना अन्नवस्त्र पुरवून वरिष्ठांच्या सेवेस लावणे हा त्यांच्या उद्धाराचा मार्ग नव्हे. ज्या न्यूनगंडाने त्यांची वाढ खुंटविली आणि त्यांना इतरांचे दास बनविले, तो न्यूनगंड नाहीसा करणे, आणि आपल्या जीवनाचे स्वतःसाठी व देशासाठी काय मोल आहे याची जाणीव त्यांच्यात निर्माण करणे, हाच खरा प्रश्न आहे. वाचकहो, या विचाराच्या केंद्रस्थानी नोकरी नाही, पगार नाही. केंद्रस्थानी मन आहे. विद्यार्थ्याच्या मनाचे स्वास्थ्य हा विषय आज मोठमोठ्या परिषदांतून चर्चिला जातो. पण नागसेनवनाच्या पायाभरणीतच तो विषय घातलेला होता, हे आपण विसरता कामा नये.

त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हटले, यातही मोठा अर्थ आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन, यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. राजाने नागसेनाला वादास बोलाविले, तेव्हा नागसेनाने त्यास विचारले की, हा वाद पंडितांच्या रीतीने होणार की राजांच्या रीतीने? पंडितांच्या वादात एकाची चूक दुसरा दाखवितो, चुकलेला ती मान्य करतो, परंतु कोणी कोणावर रागावत नाही. राजांचा वाद निराळा. राजा एक गोष्ट बोलतो, आणि जो ती मानीत नाही त्याला शिक्षा फर्मावितो. मिलिंदाने पंडितवाद पत्करला, म्हणूनच तो संवाद घडून आला. आमच्या मते प्रत्येक शाळेची आणि प्रत्येक घराची परीक्षा याच एका कसोटीवर घ्यावी. येथे मुलाला निर्भयपणे प्रश्न विचारता येतो काय? येथे चुकल्यावर त्याचा अपमान होतो, की त्याची चूक त्याला समजावून दिली जाते? जेथे राजवाद चालतो, तेथे मूल गप्प बसावयास शिकते. त्याला दुसरे काही शिकता येत नाही.

बालमनावर शाळा काय कोरते, हे बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींतून आपणांस ठाऊक आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात निराळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट घरून आणावे लागे व घरी परत न्यावे लागे, कारण शाळेचा गडी त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी; शिपाई नसेल तर पाणीही नाही. पुढे जगातील थोर विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेल्या पुरुषाला ते गोणपाट प्रौढ वयातही आठवत होते. यावरून मुलाच्या मनावरील घाव किती काळ ओला राहतो, याची कल्पना करावी. पण त्यांच्याच चरित्रात दुसरीही एक गोष्ट आहे. मुंबईत बागेत एकटाच पुस्तक वाचीत बसणाऱ्या या मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपुलकीने विचारपूस केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेविले. मुलाच्या आयुष्यात निदान एक तरी वडीलधारे माणूस असे असावे, की जे त्याचे म्हणणे ऐकून घेते व त्याची पाठ सोडीत नाही. संकटातून मुले तरून जातात त्यामागे हेच मोठे कारण असते, असे आजचे बालमानसशास्त्रही सांगते. केळुसकर गुरुजींनी ते शास्त्र वाचलेले नव्हते. त्यांच्यापाशी मैत्री होती, आणि तेवढ्याने काम झाले.

कोणी म्हणेल, "आता ते दिवस राहिले नाहीत. आता कोण गोणपाटावर बसवितो?" गोष्ट खरी आहे. आज अपमान उघड्या रूपाने क्वचितच येतो. तो आडनावाच्या चौकशीतून येतो, थट्टेतून येतो, "तुम्हाला काय, सारे फुकट मिळते" या एका वाक्यातून येतो. आणि कित्येकदा तो कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना, केवळ कार्यालयीन सवयीमुळे येतो. तुम्ही असे चित्र डोळ्यांपुढे आणा. वर्ग भरलेला आहे. कार्यालयातून कागद येतो, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी अमुक जातीच्या मुलांनी उभे राहावे असे सांगण्यात येते. पाचसहा मुले उभी राहतात. बाकीची मान वळवून पाहतात. अर्धे मिनिटही लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटात काय घडते, याची मोजदाद झालेली आहे.

उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधिकांनी एक प्रयोग केला, आणि जागतिक बँकेने तो २००४ साली प्रसिद्ध केला. तथाकथित उच्च जातींची ३२१ आणि खालच्या मानलेल्या जातींची ३२१ मुले घेऊन त्यांना कागदावरील भूलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली. जेथे कोणाचीही जात उच्चारली नाही, तेथे दोन्ही प्रकारच्या मुलांच्या कामात उल्लेखनीय फरक आढळला नाही. जेथे कोडी देण्यापूर्वी सर्वांसमक्ष मुलांची नावे जातीसह वाचून दाखविली, तेथे खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांचे काम लक्षणीयरीत्या घसरले. मुले तशीच होती, बुद्धी तशीच होती, कोडीही तशीच होती. चारचौघांत जात उच्चारली गेली, आणि बुद्धीवर सावली पडली. आमच्या मुलांना बुद्धी नाही असे म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणते द्यावयाचे? आणि वर्गात यादी वाचणाऱ्या सद्भावनेच्या शिक्षकासही याहून स्पष्ट सूचना कोणती करावयाची?

येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. शिष्यवृत्ती हे दान नव्हे, तो हक्क आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, ती बाबासाहेबांनी सरकारदरबारी केलेल्या प्रयत्नांचे फळ होय. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींपासून दूर राहिलेल्या बौद्धांना १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींत स्थान मिळाले, आणि त्यासाठी कागदोपत्री पूर्वीच्या जातीची नोंद दाखवावी लागते, हेही खरे आहे. तेव्हा लाजेने अर्ज न भरणे हा मूर्खपणा ठरेल. आमचे म्हणणे एवढेच की, हा व्यवहार कार्यालय आणि पालक यांच्यामधला आहे. त्यासाठी मुलाला भर वर्गात उभे करण्याचे काही कारण नाही. धम्मदीक्षा घेऊन जी ओळख आपण टाकून दिली, ती शाळेने मुलाच्या कपाळावर रोज नव्याने लिहू नये. पालकांनी मुख्याध्यापकांस भेटून, नम्रपणे परंतु ठामपणे, लेखी विनंती करावी की या याद्या वर्गात वाचू नयेत. सूचना सर्व मुलांच्या हाती बंद पाकिटातून घरी पाठवावी. यास एक पैशाचाही खर्च नाही.

आता मुलाच्या वागणुकीकडे वळू. मूल तोंडाने बोलत नाही, पण वागण्यातून बोलते. शाळेच्या वेळेलाच रोज पोटात दुखू लागणे, झोप उडणे, आवडता खेळ एकाएकी सुटणे, गुण अचानक घसरणे, धाकट्या भावंडावर हात टाकणे, लहानसहान कारणाने संतापणे, एकटे बसून राहणे, ही सारी त्याची भाषा आहे. मुलगा असला म्हणजे त्याचे दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते, आणि आपण त्यास उनाड ठरवितो. मुलगी असली म्हणजे ती अधिकच गप्प होते, आणि आपण तिला शहाणी ठरवितो. कित्येक घरी तर तिचे गप्प बसणे लग्नाला संमती समजून तिची शाळाच बंद करतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची अवस्था आणखी बिकट. दिवाळीच्या सुमारास घर सोडावे लागते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यावे लागते. वर्गातील मैत्री, गुरुजींची ओळख, वाचनाचा धागा, सारे दरवर्षी तुटते. अशा मुलाला "मंद" म्हणून मागच्या बाकावर बसविणे म्हणजे लंगड्याला पायावरून हिणविण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांपैकी एकास मानसिक आजाराचा त्रास असतो. म्हणजे हा काही आपल्याच मुलांचा कमीपणा नव्हे. फरक एवढाच की, आपल्या मुलांच्या पाठीवर त्याखेरीज जातीचे ओझे अधिक आहे.

हे ओझे शाळेत उतरले नाही तर ते पुढे बरोबर येते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली होती. तिच्या २००७ च्या अहवालात शिक्षकांचे उदासीन वागणे, वसतिगृहातील वेगळेपण, भोजनगृहातील तुटकपणा या गोष्टी नमूद झाल्या. देशातील अत्यंत हुशार विद्यार्थ्यांची जर ही कथा, तर पाचवीतल्या मुलाने ते मुकाट्याने सोसावे अशी अपेक्षा आपण कशी करावी? प्रा. थोरात हे स्वतः याच नगरातील मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. नागसेनवनात शिकलेल्या माणसाकडेच हे गाऱ्हाणे ऐकण्याचे काम जावे, यात आमच्यासाठी धडा आहे. जो स्वतः ऐकला गेला, तोच इतरांचे ऐकू शकतो.

परंतु वाचकहो, सारा दोष शाळेच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या घरात कोणता वाद चालतो? शेजारच्या मुलाशी तुलना, कमी गुण आले की मार, "आम्ही काय काय सोसले, तुला काय कमी आहे" हे ऐकविणे, हा राजवाद नव्हे तर काय? आपण सोसले, हे खरे. पण आपण सोसले ते पुढच्या पिढीने सोसू नये म्हणूनच ना? मग आपल्याच दुःखाचा आसूड करून तो मुलाच्या पाठीवर ओढणे कोणत्या न्यायात बसते? बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि जयंतीला तितके तास वाचन करण्याचा उपक्रमही चालवितो. तो स्तुत्य आहे. पण गणित न सुटल्यामुळे रडवेल्या झालेल्या मुलाला तेच वाक्य दरडावून सांगितले, तर त्या मुलाच्या मनात बाबासाहेबांविषयी प्रेम उपजेल की भीती? ते नाव दिव्यासारखे मुलापुढे धरा. त्याची छडी करू नका.

मुलाला वळण कसे लावावे, याचा दाखला खुद्द भगवान बुद्धांनी घालून दिला आहे. राहुल हा त्यांचा पुत्र, बालवयातच संघात आलेला. त्याला खरे बोलण्याचे महत्त्व पटवून देताना तथागतांनी हाती काठी घेतली नाही. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्यांनी त्याला दाखविले, ते ओतून दिले, भांडे पालथे केले, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच रिते होते, हे समजावले. मग विचारले, "राहुला, आरसा कशासाठी असतो?" पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तद्वतच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यावर, तिने आपले वा दुसऱ्याचे अहित होते काय हे पाहावे. आणि चूक झाली असेल तर ती गुरूपाशी वा जाणत्या सोबत्यांपाशी उघड करावी व पुढे सावध राहावे, असा तो उपदेश आहे. यातील शेवटचा भाग नीट ध्यानात घ्या. चूक उघड करावयाची, तर ती ऐकून घेणारा कोणी असावा लागतो. चूक सांगताच जेथे मार मिळतो, तेथे मूल सत्य सांगावयास शिकत नाही. ते लपविण्यात पारंगत होते.

कायदाही आज मुलाच्या बाजूस आहे, आणि हे प्रत्येक आईबापास ठाऊक असले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे. वंचित घटकांतील मुलांना शाळेत भेदभावाची वागणूक मिळू नये, ही जबाबदारी त्याच कायद्याने शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, आणि तक्रारही या प्राधिकरणाकडे लेखी करता येते. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, अशी तरतूद आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत त्यांची मानहानी करणे टाळावे. वंचित समाजातील विद्यार्थ्यांशी कसे वागावे याचे शिक्षण कर्मचाऱ्यांस द्यावे, असे त्यात सांगितले आहे. पण कागदावरील हक्क कोणी मागितल्याखेरीज जिवंत होत नाही. व्यवस्थापन समितीची सभा असते त्या दिवशी आपण कामावर असतो, आणि आपली जागा रिकामी राहते. भीमनगर-भावसिंगपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत ज्या वस्त्यांतून आपली मुले शाळेत जातात, त्या प्रत्येक वस्तीने निदान दोन माता निवडून त्या समितीत बसवाव्यात, आणि त्यांचा बुडालेला रोज वस्तीने भरून द्यावा. समुपदेशक नेमला काय, हा त्यांनी विचारावयाचा पहिला प्रश्न होय.

शिक्षकास शत्रू समजू नका. गच्च भरलेला वर्ग आणि वर कागदी कामांचा डोंगर, यांखाली तोही दबलेला असतो. त्याच्याशीही पंडितवादच करावा. चूक दाखवावी, रागावू नये. मात्र दाखविल्यावाचून राहू नये.

विहाराचाही येथे मोठा उपयोग आहे. रविवारी वंदना झाल्यावर एक तास मुलांसाठी राखून ठेवा. त्या तासात वडीलधाऱ्यांनी भाषण करू नये. मुलांनी बोलावे आणि मोठ्यांनी ऐकावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक तरुणाने वस्तीतील दोन शाळकरी मुलांची चौकशी आपल्याकडे घ्यावी. हेच केळुसकर गुरुजींचे काम होय.

आणि एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगतो. मुलाच्या तोंडून मरणाची भाषा निघाली, तर ती थट्टा समजू नका, नाटक समजू नका, आणि त्यास एकटे सोडू नका. १४४१६ या 'टेलिमानस' दूरध्वनीवर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो; संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे; आणि या नगरात घाटीच्या शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो. मनाला ताप आला तर अंगारा-धुपारा करणे हे आपण सोडून आलेल्या वाटेवर परत जाणे होय. तेथेही डॉक्टरच हवा.

वाचकहो, घरात धम्म आला याची खूण भिंतीवरील तसबिरीवरून पटत नाही. त्या घरातील सर्वांत लहान माणूस निर्भयपणे बोलू शकते काय, यावरून ती पटते. आज संध्याकाळी मूल शाळेतून येईल. दप्तर खाली ठेवू द्या, पाणी पिऊ द्या. मग गुणांचा विषय न काढता त्याच्याजवळ बसा, आणि आज वर्गात तुला काय वाटले, एवढेच विचारा. पहिल्या दिवशी ते कदाचित काहीच सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. ज्या दिवशी ते बोलू लागेल, त्या दिवशी त्याचे ऐका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा हात धरून शाळेत जा.